आकाशातली इंग्रजी

इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलाला घरी, गावी आणि एस.टी.च्या थांब्यावर एकच प्रश्न विचारला जातो, "मग पुढे काय?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असते. एक तर बी.एड. करून मास्तरकी, नाही तर स्पर्धा परीक्षा. ज्यांना गणित-विज्ञान झेपले नाही त्यांनी भाषा घ्यावी, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे, आणि खरे सांगायचे तर आमच्या विभागातही तो अधूनमधून खाजगीत बोलून दाखवला जातो. या समजाला उत्तर म्हणून मी शेक्सपिअरला साक्षीला बोलावणार नाही. मी विमानांबद्दल बोलणार आहे. कारण इंग्रजीचा असाही एक वर्ग असतो, की जिथे एखाद्या छोट्याशा शब्दाची चूक झाली तर गुण जात नाहीत, माणसे जातात.

काही वर्षांपूर्वी सलग दोन उन्हाळे मी एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत इंग्रजी शिकवायला जात असे. संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. विद्यार्थी विदर्भ-मराठवाड्यातले, काही पुण्या-मुंबईचे, काही गुजरातेतले आणि दोघे नेपाळचे. वीस-बावीस वर्षांची ही मुले सकाळी विमान उडवत आणि दुपारी माझ्यासमोर बाकावर बसून जांभया देत. विमानातले मला काही कळत नव्हते, ते त्यांनी मला शिकवले. भाषेतले थोडेफार कळत होते, ते मी त्यांना देण्याचा प्रयत्न केला. या व्यवहारात नफा माझाच झाला असे मला वाटते. तिथे जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, त्यावरून माझे एक मत बनले आहे, आणि ते आपल्या महाविद्यालयातल्या इंग्रजीलाही लागू पडते म्हणून या अंकात मांडते.

आधी हा कारभार चालतो कसा ते सांगायला हवे. विमानातला वैमानिक आणि मनोऱ्यातला किंवा रडारसमोरचा नियंत्रक यांचा संबंध मुख्यतः आवाजाचा. चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, भुवया दिसत नाहीत. एका कंप्रतेवर दहा-वीस विमाने कान लावून असतात. एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे एकदम बोलले तर ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शिट्टी वाजते. आवाजाला खरखर असते, घाई असते, आणि बोलणाऱ्याची मातृभाषा तुर्की असू शकते, कोरियन असू शकते, मराठी असू शकते.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, जिचे मुख्य कार्यालय कॅनडात माँट्रियलला आहे, एक ठराविक बोली तयार केली. अक्षरे 'ए, बी, सी' अशी म्हणायची नाहीत, 'आल्फा, ब्राव्हो, चार्ली' म्हणायची. बी, डी आणि टी खरखरीत एकसारखेच ऐकू येतात. ब्राव्हो, डेल्टा आणि टँगो यांत मात्र घोटाळा होत नाही. ही आजची अक्षरमाला १९५६ पासून चालू आहे. तिच्यात 'आल्फा' शब्दाचे स्पेलिंग मुद्दाम 'एफ' घालून केले आहे आणि 'ज्युलिएट'ला शेवटी दोन 'टी' दिले आहेत, का, तर फ्रेंच माणसाने शेवटचा 'टी' गिळू नये. आकडे सुटे म्हणायचे. दीडशे म्हणायचे नाही, 'एक पाच शून्य' म्हणायचे. (आपल्याकडे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळून छड्या खाल्लेल्या पिढीला या नियमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.) आणि गंमत अशी, की तीन या आकड्याचा अधिकृत उच्चार आहे 'ट्री', हजाराचा 'टाउझंड', नवाचा 'नायनर'. जिभेचे टोक दातांत धरून 'थ' म्हणायला शिकवण्यात आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांची हयात जाते. आकाशात त्या 'थ'ला सरळ रजा दिली आहे. परक्यांना जमत नाही, तेव्हा इंग्रजीनेच वाकावे, असा हा निर्णय. माझ्या मते इंग्रजीच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय असावा.

पण या बोलीतली खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. सिनेमामुळे 'रॉजर' हा शब्द सर्वांना माहीत आहे आणि त्याचा अर्थ 'हो' असा आहे अशी सर्वांची समजूत आहे. तसा तो नाही. 'तुमचे सगळे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले' एवढाच त्याचा अर्थ. मान्य आहे की नाही, करणार की नाही, यातले काहीही 'रॉजर'मध्ये नाही. 'करतो' म्हणायला 'विल्को' हा निराळा शब्द आहे. आणि महत्त्वाच्या आज्ञेला नुसते 'रॉजर' चालतही नाही. नियंत्रकाने सांगितलेली उंची, धावपट्टीचा क्रमांक, उतरण्याची परवानगी हे सगळे वैमानिकाने जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे आणि नियंत्रकाने ते कान देऊन तपासायचे. याला 'रीडबॅक' म्हणतात. म्हणजे 'समजले का?' या प्रश्नाला 'समजले' हे उत्तर आकाशात उत्तर म्हणून धरतच नाहीत.

आता आपला वर्ग आठवा. तास संपताना आम्ही विचारतो, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽ!" आणि दोन्ही पक्ष समाधानाने बाहेर पडतात.

माझ्या संस्थेतल्या मुलांना ही ठराविक वाक्ये तोंडपाठ होती, अगदी आरत्यांसारखी. पहिल्या आठवड्यात मला वाटले, यांना माझी गरजच नाही. मग एके दिवशी मी नांदेडकडच्या एका हुशार मुलाला म्हटले, "तू वैमानिक, मी नियंत्रक. तुझ्या विमानातल्या एका प्रवाशाला फेफरे आले आहे. सांग मला." तो म्हणाला, 'पॅसेंजर सिक.' मी विचारले, 'हाउ सिक?' तो म्हणाला, 'व्हेरी सिक.' पुढे गाडी जाईना. कपाळावर घाम. मी म्हटले, "बरं, मराठीत सांग." एका दमात त्याने सांगितले, "मॅडम, तोंडाला फेस आलाय, हातपाय ताठ झालेत, शुद्ध नाही, साधारण पन्नाशीचा माणूस आहे, बायको बरोबर आहे, खाली उतरल्याबरोबर अँब्युलन्स लागेल." डॉक्टरला हवे ते सगळे त्यात होते. मुलगा ढ नव्हता, घाबरटही नव्हता. फेस, ताठ, शुद्ध हे तीन शब्द त्याला बारावीपर्यंत इंग्रजीत कोणी दिले नव्हते. वर्ड्‌स्वर्थची पिवळी फुले मात्र दिली होती.

ठराविक बोली ठराविक प्रसंगापुरती असते. पक्षी इंजिनात शिरला, मागून धुराचा वास येतो आहे, धावपट्टीवर कुत्रे आहे, वैमानिक स्वतःच गोंधळला आहे, अशा वेळी पाठांतर संपते आणि भाषा सुरू होते. कोलंबियात काली शहराजवळ २० डिसेंबर १९९५ रोजी एक अमेरिकन विमान डोंगरावर आदळून १५९ माणसे मेली, चार वाचली. वैमानिकांचा आपण कुठे आहोत याचा हिशेब चुकला होता. त्यांच्या विनंत्या नियंत्रकाला विचित्र वाटल्या होत्या. त्याने नंतर चौकशीत सांगितले, की वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते तर तुमच्या विचारण्याला अर्थ लागत नाही असे मी त्यांना सांगितले असते, पण तेवढे इंग्रजी मला येत नव्हते. नेहमीचे काम निभावण्याइतके त्याला येत होते. शंका विचारण्याइतके येत नव्हते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा या एका साक्षीत आहे. परकी भाषा शिकताना आपण उत्तरे द्यायला शिकतो. शंका विचारायला शिकत नाही.

टेनेरिफचा अपघात पुष्कळांना ऐकून माहीत असेल. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांवरचा एक छोटा विमानतळ, दाट धुके, आणि एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने. एक डच, एक अमेरिकन. ५८३ माणसे मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसे दुसरीकडे कुठे मेली नाहीत. डच सहवैमानिक म्हणाला, 'वुई आर नाउ अ‍ॅट टेकऑफ.' हे धड इंग्रजी नाही. डच भाषेत चालू क्रिया ज्या पद्धतीने सांगतात तिची ही इंग्रजी सावली असावी, असे काही भाषाभ्यासकांनी म्हटले आहे. त्याला म्हणायचे होते 'आम्ही निघालो', विमान खरोखरच पळू लागले होते. स्पॅनिश नियंत्रकाने ऐकले 'आम्ही निघण्याच्या जागी उभे आहोत'. आपल्याला यात नवल वाटू नये. आपणही फोनवर 'हा काय, निघालोच' म्हणतो तेव्हा पायात चप्पल नसते. नियंत्रक म्हणाला, 'ओके', आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाला, की थांबा, मी सांगेन. पण नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन विमान 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असे सांगू लागले. दोन आवाज एकमेकांवर आदळले, शिट्टी वाजली, आणि डच वैमानिकांच्या कानात स्वच्छ असे एकच 'ओके' पडले. आपल्या 'बरं'सारखा हा शब्द. 'बरं' म्हणजे 'कर' की 'बरं' म्हणजे 'ऐकतोय'? त्यानंतर नियम झाला, की 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना-घेताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. एका शब्दाभोवती असे कुंपण घालायला ५८३ माणसे लागली.

पण मला स्वतःला टेनेरिफपेक्षा जास्त अस्वस्थ करतो तो न्यूयॉर्कचा अपघात, कारण त्यात व्याकरणाची चूक नाही, सभ्यता आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचे एक बोइंग ७०७ विमान १५८ माणसे घेऊन न्यूयॉर्कला आले. हवा खराब, विमानांची रांग. त्याला आकाशात घिरट्या घालत थांबवले गेले, एकूण सव्वा तासाच्या वर. इंधन संपत आले. वैमानिकाचे इंग्रजी बेताचे, म्हणून मनोऱ्याशी बोलत होता तो सहवैमानिक. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. वैमानिक त्याला स्पॅनिशमध्ये सांगतो आहे, आणीबाणी आहे म्हणून सांग. सहवैमानिक इंग्रजीत काय सांगतो? पुन्हा प्रयत्न करतो, आमचे इंधन संपत आले आहे. ते खरे होते, पण रांगेतल्या प्रत्येक विमानाचे इंधन कमीच होत असते. 'इमर्जन्सी' हा शब्द, किंवा 'मेडे' हा शब्द, जो तीनदा उच्चारला की सगळे आकाश मोकळे करून देतात, तो एकदाही उच्चारला गेला नाही. पुढे नियंत्रकाने विचारले, तुम्हाला एवढ्या अंतरावरून वळवून आणतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? उत्तर गेले, 'आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.' चालेलसे वाटते, फार आभारी आहे. काही मिनिटांत चारही इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या टेकडीवर कोसळले. ७३ माणसे गेली. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच उरले नव्हते.

हे 'आय गेस सो' मी वर्गात वाचून दाखवले तेव्हा मुले हसली नाहीत. प्रत्येकाला ते ओळखीचे वाटले. साहेबासमोर, मोठ्या शहरात, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यासमोर आपला आवाज असाच बारीक होतो. आपण अडचण सांगतो तीही अशी, की ऐकणाऱ्याला तसदी पडू नये. 'चालेल, चालेल' म्हणतो. ही सवय कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते आणि कोणत्याही परीक्षेत तिचे गुण कापत नाहीत. परकी भाषा येत नाही याची लाज ही भाषा न येण्यापेक्षा अधिक घातक असते.

आणि मग आपली स्वतःची, आपल्या भूमीवर घडलेली गोष्ट. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ, हरियाणातले चरखी दादरी. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे जंबो विमान वर चढत होते आणि कझाकस्तानचे इल्युशिन विमान दिल्लीत उतरण्यासाठी खाली येत होते. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर, सौदी विमानाला चौदा हजार फुटांवर राहायला सांगितले होते. मधे हजार फुटांचे अंतर. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आले आणि दोन्ही विमाने हवेत एकमेकांवर आदळली. ३४९ पैकी एकही माणूस वाचला नाही. हवेत झालेल्या टकरींत आजवर याहून मोठी टक्कर नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक विमानाने विनापरवाना उंची सोडली हे मूळ कारण ठरवले, आणि त्यामागच्या कारणांत त्या वैमानिकांचे अपुरे इंग्रजी आणि त्यामुळे सूचनांचा झालेला चुकीचा अर्थ हेही नोंदवले. त्या विमानात मनोऱ्याशी बोलण्याचे काम एका स्वतंत्र रेडिओ ऑपरेटरकडे होते. बोलणारा एक, विमान चालवणारे दुसरे. उंचीचे यंत्र पाहायचे तर त्याला पुढे बसलेल्या वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावे लागे.

त्या शेवटच्या संभाषणाची प्रत मी वर्गात बराच वेळ घेतली. नियंत्रकाने केले ते नियमाप्रमाणे केले. १५० या पातळीवर राहा, समोरून विमान येत आहे, दिसले की कळवा. आणि मग अंतर सांगितले, चौदा मैल. मग सांगितले, ते विमान १४० या पातळीवर आहे. आता हेच कच्च्या इंग्रजीच्या कानाने ऐका. ज्याला भाषा थोडी येते तो आकडे पकडतो, कारण आकडे तेवढे स्वच्छ ऐकू येतात. एक पाच शून्य, चौदा, एक चार शून्य. पण कोणता आकडा माझा, कोणता दुसऱ्याचा, कोणता हुकूम, कोणती नुसती माहिती, हे सांगतात ते आकड्यांच्या आजूबाजूचे बारके शब्द आणि क्रियापदे, ज्यांना आपण व्याकरण म्हणतो आणि कंटाळवाणे समजतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ एक मालवाहू विमान टेकडीवर आदळून त्यातले चारही कर्मचारी मेले. तिथे दोन हजार चारशे फुटांवर या, असे सांगताना 'टू' हा आकडा म्हटला होता. वैमानिकाने तो 'पर्यंत' या अर्थाचा 'टू' समजून चारशे फूट ऐकले. शब्दयोगी अव्ययांवर मी आता वर्गात जरा जास्त वेळ घालवते, आणि का घालवते हे सांगत नाही.

दादरीनंतर आपल्या देशात काही गोष्टी झाल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, समोरचे विमान जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. जगाच्या पातळीवर १९९८ साली भाषेचा प्रश्न संघटनेच्या अधिवेशनात ठरावाच्या रूपाने आला आणि २००३ साली नियम झाले. भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या. आंतरराष्ट्रीय काम करणाऱ्या वैमानिकाला आणि नियंत्रकाला निदान चौथी पातळी हवी. नुसती ठराविक वाक्ये पुरणार नाहीत, साधे बोलते इंग्रजी आले पाहिजे, हे प्रथमच नियमात आले. मुदत मार्च २००८ ची होती. पुष्कळ देशांची तयारी नव्हती म्हणून ती मार्च २०११ पर्यंत वाढवावी लागली.

इथे कोणी विचारील, हा इंग्रजीचा जुलूम कशाला? प्रत्येकाने आपापल्या भाषेत बोलावे. प्रश्न चुकीचा नाही, आणि नियमही तितका एककल्ली नाही. जमिनीवरच्या केंद्राची भाषा किंवा इंग्रजी, दोन्ही चालतात. फ्रेंच वैमानिक पॅरिसशी फ्रेंचमध्ये बोलतात. कॅनडात क्वेबेकच्या आकाशात फ्रेंच चालू द्यावी की नाही यावरून १९७६ साली संप होऊन देश ढवळून निघाला होता. पण त्याच वर्षी सप्टेंबरात झाग्रेबवर एक ब्रिटिश आणि एक युगोस्लाव्ह विमान आदळून १७६ माणसे मेली. कारणे अनेक होती, पण धोका ध्यानात आल्यावर शेवटच्या क्षणी नियंत्रक युगोस्लाव्ह विमानाशी आपल्या मातृभाषेत बोलला आणि ब्रिटिश वैमानिकांच्या कानावर ते पडूनही उपयोग नव्हता. रेडिओवरचे बोलणे हे चावडीवरचे बोलणे आहे. ते एकाला उद्देशून असले तरी सगळ्यांनी ऐकावे यासाठीच असते. म्हणून मुंबईचा नियंत्रक आणि वर सातारचा वैमानिक, दोघेही मराठी असले तरी, त्यांनी इंग्रजीत बोलावे हे मला पटते. यात इंग्रजीची प्रतिष्ठा नाही. इंग्रजी इथे सार्वजनिक नळासारखी आहे, कोणीही यावे आणि भांडे लावावे.

नळाचे पाणी सगळ्यांना सारखे मिळते का, हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि माझी तक्रार तिथे आहे.

पहिली तक्रार कागदाची. मी जात होते त्या संस्थेच्या चालकांनी मला दुसऱ्याच आठवड्यात विचारले, "मॅडम, आठ दिवसांत सगळ्यांची चौथी पातळी होईल ना?" जणू पातळी म्हणजे टाकीतले पाणी, मोटर लावली की चढते. मुलांकडे प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्स फिरत होत्या. 'तुम्हाला वैमानिक का व्हावेसे वाटले?' याचे एकच उत्तर अकरा मुलांना पाठ होते, त्यात एका काकांसह. अकरा मुलांचे काका हवाई दलात होते! गाइडवर पदवी मिळवणाऱ्या आपल्या परंपरेला हे साजेसेच आहे, पण पदवी घेतलेला मुलगा घरी जातो आणि हा मुलगा विमानात बसतो. मी झेरॉक्स गोळा केल्या आणि मुलांना पाठीला पाठ लावून बसवले. एकाच्या हातात नकाशा, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. चेहरा पाहायचा नाही, फक्त बोलायचे. 'येस' या शब्दाला बंदी. 'कळले नाही, पुन्हा सांगा' असे जो तासाभरात सर्वांत जास्त वेळा म्हणेल त्याला बक्षीस चहा. पहिल्या दिवशी चहा कोणालाच मिळाला नाही. दहाव्या दिवशी नेपाळच्या एका मुलाने सव्वीस वेळा 'से अगेन' म्हणून चहा जिंकला, आणि त्याचा नकाशा वर्गात एकट्याचा बरोबर आला होता.

दुसरी तक्रार ज्यांना इंग्रजी उत्तम येते त्यांच्याबद्दल आहे. वर्गात पुण्याची एक मुलगी होती, शिक्षण कॉन्व्हेंटमधले. तिचे इंग्रजी माझ्यापेक्षा फर्डे होते. ती आणि तो नेपाळी मुलगा अशी जोडी लावली की नकाशाचा विचका व्हायचा. ती भरभर बोलायची, वाक्प्रचार वापरायची, एका श्वासात चार सूचना द्यायची. "मॅम, त्याचं इंग्लिश वीक आहे," ती म्हणाली. मी म्हटले, "संदेश तू पाठवला होतास ना? मग पोहोचला की नाही हे बघणं तुझं काम." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण चूक तिची एकटीची नव्हती. वेगाने बोलणे म्हणजे चांगले बोलणे, हे तिला आपणच शिकवले आहे. वक्तृत्व स्पर्धेच्या ढाली तिने त्यावर मिळवल्या होत्या.

जगातही तेच चालले आहे. चौथ्या पातळीच्या माणसाची परीक्षा दर तीन वर्षांनी, पाचव्याची सहा वर्षांनी. सहावी पातळी मिळाली की पुन्हा कधीच नाही. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना ही सहावी पातळी आपसूक मिळते. न्यूयॉर्कच्या त्या रात्री ज्याचे इंग्रजी कमी पडले त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. पण ज्यांचे इंग्रजी भरपूर होते त्यांच्यापैकी एकानेही सरळ शब्दांत विचारले नाही, की तुमच्याकडे किती मिनिटांचे इंधन आहे? तो प्रश्न विचारायला चौथी पातळीसुद्धा लागत नाही. हळू बोलणे, एका वेळी एकच गोष्ट सांगणे, समोरच्याच्या 'थँक यू'मागची भीती ओळखणे, हेही भाषेचे कौशल्यच आहे आणि जन्मभाषा असल्याने ते येतेच असे नाही. माझे म्हणणे असे, की सहाव्या पातळीच्या माणसालाही दर तीन वर्षांनी परीक्षेला बसवावे, आणि ती परीक्षा त्याने एकट्याने द्यायची नाही. चौथ्या पातळीच्या एखाद्या परक्या माणसाबरोबर पाठीला पाठ लावून द्यायची. नकाशा चुकला तर दोघेही नापास.

राहिला प्रश्न शिकवायचे कोणी. विमानवाले म्हणतात, इंग्रजीच्या प्राध्यापकांना विमानातले काय कळते. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणतात, हे लायसन्सचे इंग्रजी, आम्ही वाङ्मय शिकवतो. दोघांचेही निम्मे खरे आहे, आणि म्हणून एका वर्गात दोघांनी मिळून उभे राहावे असे मला वाटते. आपल्या महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी विमान शिकवले जाते. या प्रत्येक गावात कला महाविद्यालय आहे आणि प्रत्येक कला महाविद्यालयात इंग्रजीचा विभाग आहे. अंतर काही मैलांचे आहे. अजून कोणी ते चालून गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. येत्या उन्हाळ्यात ज्यांना यायचे असेल अशा तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी विभागात नावे द्यावीत. जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे मी देईन, चहा जिंकावा लागेल.